खुब्याच्या कृत्रिम वाटीची झीज कशी मोजावी: एक्स-रेपासून प्रयोगशाळेच्या तराजूपर्यंत

खुब्याचा सांधा उखळीचा. सांधेरोपणात मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याजागी धातूचा किंवा सिरॅमिकचा बॉल बसतो. वाटीच्या जागी बहुधा टायटॅनियमचे कवच आणि त्यात पॉलिइथिलीनचे अस्तर, म्हणजे लायनर, बसते. वर्षानुवर्षे झिजते ते हे अस्तर. झिजताना काही दुखत नाही, खरी अडचण तीच. अस्तरातून सुटलेले कण बहुतेक एका मायक्रॉनहून लहान असतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात आणि त्या प्रतिक्रियेत वाटीभोवतीचे हाड आतून पोखरले जाते. रुग्ण लंगडत येईपर्यंत बरेच हाड गेलेले असू शकते. म्हणून रुग्ण व्यवस्थित चालत असतानाच झीज मोजायची असते.

पॉलिइथिलीन वापरात आले ते झिजेच्या धड्यातूनच. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे शल्यविशारद जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि काढाव्या लागल्या. १९६२ मध्ये त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिइथिलीन वापरायला सुरुवात केली. त्यांचा बॉल २२.२२५ मिमी व्यासाचा, म्हणजे सात अष्टमांश इंच होता. फिल्मवर वाटीची झीज मोजण्याची रीतही त्यांच्याच गटाने रूढ केली.

इथे मुख्यतः साध्या एक्स-रेवरून मोजणीची पद्धत दिली आहे, कारण ती कोणत्याही रुग्णालयात करता येते. प्रयोगशाळेतील मोजणी शेवटी थोडक्यात आहे.

नेमके काय मोजतो

एक्स-रेवर झीज दिसत नाही. दिसते ते वाटीच्या मध्यापासून बॉलचा मध्य किती सरकला, म्हणजे बॉल अस्तरात किती शिरला ते. या शिरण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे अस्तर दाबाखाली बसणे: नवी कापसाची गादी दबते तसे पॉलिइथिलीन पहिल्या वर्ष-दीड वर्षात दबते, पण त्यातून कण सुटत नाहीत. दुसरी म्हणजे खरी झीज, जी पुढे वर्षानुवर्षे बऱ्यापैकी एकसारख्या वेगाने चालते. हाड पोखरते ती दुसरी. म्हणून पहिल्या वर्षाची सरक वेगळी काढल्याशिवाय 'वर्षाला इतके मिमी' हा आकडा लिहू नये.

फिल्म कशी हवी

मोजणीचा निम्मा दर्जा एक्स-रेच्या खोलीतच ठरतो. रुग्ण पाठीवर सरळ, दोन्ही पाय साधारण १५ अंश आत वळवलेले, किरणाचा मध्य दर वेळी एकाच जागी. संपूर्ण पेल्व्हिसची फिल्म काढताना किरण जघनसंधीवर केंद्रित होतो आणि वाटी बाजूला पडते, त्यामुळे तिची आकृती किंचित तिरकी उमटते. खुब्यावर केंद्रित फिल्ममध्ये ती वेगळी दिसते. दोन्ही चालतात, पण एका रुग्णाची पहिली फिल्म एका प्रकारची आणि पुढची दुसऱ्या प्रकारची घेतली तर केंद्रबदलाचा फरक झिजेच्या आकड्यात जाऊन बसतो. उभे राहून की झोपून, हेही एकदा ठरवून तसेच चालवा. ट्यूब ते डिटेक्टर अंतर फॉर्मवर लिहून ठेवा.

पहिली फिल्म, म्हणजे पुढच्या तुलनेचा आधार असलेली फिल्म, शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आतली असावी. दुसरी एक वर्षाची. ही दुसरी फिल्म अनेकदा काढलीच जात नाही, आणि मग दबणे व झीज वेगळे करायला आधार राहत नाही.

डिजिटल चित्र मूळ डायकॉम या, वैद्यकीय चित्रांच्या मानक स्वरूपातच घ्या. स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेले चित्र दाबलेले, आकार बदललेले असते. उंची आणि रुंदी वेगळ्या प्रमाणात बदलली असेल तर गोल बॉल लंबगोल होतो, आणि त्यावर बसवलेल्या वर्तुळाचा मध्य भलत्याच जागी जातो. जुन्या रुग्णांकडे बहुधा लिफाफ्यातली फिल्मच असते. ती ट्रान्सपरन्सी स्कॅनरवर ३०० डीपीआय किंवा जास्त रिझोल्यूशनने स्कॅन करा. खिडकीला धरून मोबाइलने फोटो काढू नका: फिल्म वाकते आणि कॅमेऱ्याच्या भिंगाने कडा वळतात. पावसाळ्यात एकमेकींना चिकटलेल्या फिल्म ओढून सुटत नाहीत, वरचा थरच उखडतो. त्या स्कॅन होतील तेवढ्याच भागात वापरा.

मोजपट्टी म्हणजे बॉल

बॉल आणि डिटेक्टर यांत अंतर असल्याने फिल्मवर सगळे १५ ते २० टक्के मोठे दिसते. हे मोठेपण प्रत्येक रुग्णात आणि प्रत्येक फिल्ममध्ये वेगळे असते. पण बॉलचा खरा व्यास आपल्याला ठाऊक असतो: २८, ३२ किंवा ३६ मिमी. म्हणून फिल्मवर बॉलचा व्यास मोजा आणि त्यावरून गुणक काढा (खरा व्यास ÷ फिल्मवरचा व्यास). वेगळी मोजपट्टी ठेवायची गरज नाही.

बॉलचा आकार शस्त्रक्रियेच्या नोंदीतून किंवा इम्प्लांटच्या स्टिकरवरूनच घ्या, डोळ्यांच्या अंदाजाने नको. ३२ चा बॉल २८ चा समजलात तर प्रत्येक आकडा आठव्या हिश्शाने कमी येईल. मधल्या काळात अस्तर किंवा बॉल बदलला होता का, तेही आधीच पाहा. बदलला असेल तर मोजणी बदलाच्या तारखेपासून नव्याने सुरू होते.

वर्तुळे बसवणे

इमेजजे हा मोफत प्रोग्राम या कामाला पुरतो. चित्र उघडून आधी चारपट मोठे करा. मूळ पिक्सेल साधारण ०.१ ते ०.२ मिमीचा असतो, आणि वर्तुळाचा मध्य अर्धा पिक्सेल इकडेतिकडे गेला तरी या कामात ती चूक लहान नाही.

आता बॉल. टायटॅनियमच्या कवचातून कोबाल्ट-क्रोमचा बॉल अधिक पांढरा उमटतो, कारण तो जास्त दाट असतो. सिरॅमिकच्या बॉलची कडा कवचाखाली फिकी पडते. तेव्हा विंडो-लेव्हल, म्हणजे चित्राचा उजळपणा आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक, हलवत राहा: चित्र बरेच काळे केले की एका टप्प्यावर कवचाच्या पांढऱ्यात बॉलची कडा एका बारीक रेषेसारखी उठून दिसते. ती दिसली की थांबा आणि दोन्ही फिल्मवर शक्य तितकी तीच सेटिंग ठेवा. कवच कोबाल्ट-क्रोमचे असेल तर ही कडा वर दिसणारच नाही, फक्त खालचा उघडा कंस हाती येईल.

बॉलच्या कडेवर आठ ते दहा बिंदू टिपा. सगळे एकाच बाजूला नकोत. बॉल मानेला जिथे मिळतो, तिथली कडा वर्तुळाची नसते, ते बिंदू सोडा. फक्त खालच्या छोट्या कंसावर वर्तुळ बसवले तर व्यास बरोबर वाटतो, पण मध्य कंसाच्या दिशेने वर-खाली घसरतो. झीज नेमकी वर-खालीच असते, त्यामुळे ही चूक सगळ्यात महागात पडते. बिंदू टिपून झाले की 'फिट सर्कल' वापरा आणि मध्याचे निर्देशांक व व्यास नोंदवा.

मग वाटी. धातूच्या कवचात बाहेरच्या कडेवर तसेच दहा-बारा बिंदू टिपा. झूम केल्यावर हाडाकडची कडा खरबरीत दिसते, कारण तिथे हाड रुजण्यासाठी सच्छिद्र लेप असतो. खरबरीतपणाच्या सरासरी रेषेवर बिंदू ठेवा, टोकांवर नको. स्क्रूची छिद्रे आणि बाहेर आलेले स्क्रू टाळा. सिमेंटने बसवलेल्या, पूर्ण पॉलिइथिलीनच्या वाटीला कवच नसते. तिच्या तोंडाशी तारेचे कडे असते. ते फिल्मवर लंबगोल दिसते, म्हणून तिथे लंबगोल बसवून त्याचा मध्य घ्यावा.

दिशेसाठी तिसरी गोष्ट म्हणजे आधाररेषा: दोन्ही टिअरड्रॉपच्या, म्हणजे खुब्याच्या खोबणीच्या खालच्या-आतल्या बाजूला एक्स-रेवर दिसणाऱ्या अश्रूसारख्या आकृत्यांच्या, खालच्या टोकांना जोडणारी रेषा. टिअरड्रॉप स्पष्ट नसतील तर बसायच्या हाडांच्या खालच्या कडा घ्या. पेल्व्हिस फिल्मवर तिरके असेल तर ही रेषा आडवी होईपर्यंत चित्र फिरवा.

एक सापळा आत्ताच सांगितलेला बरा. इमेजजेमध्ये उभा अक्ष वरून खाली वाढतो. वर सरकलेला बॉल त्यात उणा दिसतो. एक तर सेटिंगमध्ये उभा अक्ष उलटा करा, नाहीतर चिन्ह हाताने बदला, पण दोन्ही करू नका. डाव्या खुब्याचे चित्र आरशासारखे उलटून घेतले की 'बाहेर' ही दिशा सर्वांमध्ये एकाच चिन्हाची होते.

वजाबाकी दिशेसकट

बॉलच्या मध्यातून वाटीचा मध्य वजा करा, आडवा आणि उभा आकडा वेगळा ठेवा, गुणकाने गुणा. हे पहिल्या आणि नंतरच्या फिल्मवर करून मग दोन्हींची वजाबाकी करा.

उदाहरण घेऊ. बॉल २८ मिमीचा. पहिल्या फिल्मवर तो ३३.१ मिमी दिसला, गुणक ०.८४६. बॉलचा मध्य वाटीच्या मध्यापासून ०.२० मिमी आत आणि ०.१० मिमी खाली होता, गुणून ०.१७ आत, ०.०८ खाली. आठ वर्षांनंतर बॉल ३२.६ मिमी दिसला, गुणक ०.८५९. आता मध्य ०.३५ बाहेर आणि ०.९५ वर; गुणून ०.३० बाहेर, ०.८२ वर. म्हणजे बॉल आडवा ०.१७ + ०.३० = ०.४७ मिमी बाहेरच्या दिशेने आणि उभा ०.०८ + ०.८२ = ०.९० मिमी वर गेला. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: १.०२ मिमी.

दिशा विसरून फक्त अंतरे वजा केली असती तर? पहिल्या फिल्मवरचे अंतर ०.१९, नंतरचे ०.८७, फरक ०.६८ मिमी. म्हणजे एक तृतीयांश झीज कागदावरून गायब झाली असती. पहिल्या फिल्मवर बॉल नेमका मधोमध असेल असे धरू नका. काही लायनर मुद्दाम एका बाजूला सरकवलेले असतात आणि त्यांत सुरुवातीचे अंतर काही मिमी असते. अशा लायनरमध्ये चित्र फिरवण्यात झालेली चूकही महाग पडते: ४ मिमी अंतरात ५ अंशांची चूक म्हणजे ०.३५ मिमीची खोटी झीज. उलट व्यासाच्या मोजणीतली १ टक्का चूक १ मिमीच्या झिजेत फक्त ०.०१ मिमी फरक पाडते. काळजी कुठे घ्यायची हे यावरून ठरवा: मध्य आणि दिशा आधी, व्यास नंतर.

वर्षाचा वेग

वरच्याच रुग्णात एक वर्षाच्या फिल्मवर, याच दिशेने, सरक ०.२५ मिमी होती असे धरू. मग स्थिर झीज (१.०२ − ०.२५) ÷ ७ = वर्षाला ०.११ मिमी. सगळे आठ वर्षांवर भागले असते तर ०.१३ आले असते.

जुन्या, साध्या पॉलिइथिलीनमध्ये वर्षाला ०.१ मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त झीज नेहमीची होती. क्रॉस-लिंक्ड, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेले, पॉलिइथिलीन आल्यावर ती बरीच खाली आली. वर्षाला ०.०५ मिमीच्या खाली हाड पोखरण्याचे प्रमाण फारच कमी दिसते आणि ०.१ च्या वर ते वाढत जाते. पण हे आकडे एका फिल्मच्या जोडीवरून वापरायचे नाहीत. हाताने मोजणीत ०.२ मिमीपेक्षा जास्तही चूक होते. खरा वेग ०.०५ असेल तर फक्त चुकीएवढी झीज व्हायला चार वर्षे लागतात. म्हणून क्रॉस-लिंक्ड अस्तरात दोन-तीन वर्षांच्या अंतरावर काढलेला वेग जवळपास निरर्थक असतो. चार-पाच फिल्म असतील तर पहिले वर्ष सोडून बाकीच्या बिंदूंतून सरळ रेषा बसवा आणि तिचा उतार घ्या.

किती घनमिमी

हाडाला त्रास होतो तो कणांच्या एकूण मात्रेचा. बॉल वाटीच्या अक्षाच्या दिशेने सरकला तर घनफळ = π (३.१४१६) × बॉलच्या त्रिज्येचा वर्ग × सरक. याच सूत्रामुळे १ मिमी सरक सगळ्या बॉलमध्ये सारखी नसते: २२.२२५ च्या बॉलमध्ये ती ३८८ घनमिमी होते, २८ मध्ये ६१६, ३६ मध्ये १,०१८.

पण बॉल क्वचितच अक्षाच्या दिशेने सरकतो. वाटी ४५ अंशांवर असेल तर तिच्या तळाचा अक्ष वर आणि आत, उभ्या रेषेपासून ४५ अंशांवर असतो. आपल्या रुग्णात बॉल वर आणि बाहेर, उभ्या रेषेपासून २७.६ अंशांवर गेला. दोन्हींतला कोन ७२.६ अंश. अशा वेळी सूत्राला (१ + या कोनाची कोसाइन) ÷ २ ने गुणा: इथे ०.६५. साध्या सूत्राने ६२५ घनमिमी येतात, दुरुस्त केल्यावर ४०६. कोन विसरला तर दीडपट चूक होते. दोन रुग्णांची किंवा दोन प्रकारच्या वाट्यांची तुलना करताना ही दुरुस्ती सोडू नये.

कुठे चुकते

मोजणाऱ्याने फिल्मचा क्रम आणि तारीख न पाहता मोजावे. 'ही नंतरची आहे' हे कळले की हात आपोआप बिंदू वर ठेवतो. किमान वीस फिल्म दोन जणांनी, आणि एकाने दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजाव्यात. फरकांचे प्रमाण विचलन १.९६ ने गुणले की जो आकडा येतो, त्याहून लहान झीज तुमच्या हाताला दिसत नाही असे समजा आणि तो आकडा अहवालात लिहा.

उणी झीज येईल. बॉल अस्तरातून बाहेर वाढू शकत नाही, हे खरे. ती मोजणीची चूकच असते. तरी ती काढून टाकू नका आणि शून्यही करू नका. अधिक बाजूच्या चुका तशाच राहतात, त्यामुळे फक्त उण्या काढल्या की सरासरी फुगते.

बॉल वाटीच्या तळाला टेकलेला नसेल, पाय ओढला गेला असेल किंवा सांधा थोडा निसटलेला असेल तर मोजणी करूच नका. एकाएकी मोठी सरक दिसली, विशेषतः आधीच्या फिल्मवर काही नसताना, तर झीज समजण्याआधी अस्तर कवचातून सुटले का किंवा त्याची कडा तुटली का हे पाहा. अशा रुग्णाला लगेच शल्यविशारदांकडे पाठवावे. धातूवर धातू आणि सिरॅमिकवर सिरॅमिक सांध्यांची झीज इतकी सूक्ष्म असते की या पद्धतीने मोजायचा प्रयत्नच करू नये.

जास्त बारीक पद्धती

१९९० मध्ये लिव्हरमोर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत अजून उपयोगी आहे: बॉलच्या मध्यापासून वाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर शोधायचे, पहिल्या फिल्मवर त्याच जागी अंतर मोजून वजा करायचे. संगणक नसेल तिथे वर्तुळांचा पारदर्शक टेम्प्लेट आणि कॅलिपर पुरतात. कडा आपोआप ओळखणारे प्रोग्राम मोजणाऱ्याच्या हाताची चूक कमी करतात.

सर्वांत अचूक पद्धत म्हणजे आरएसए (रेडिओस्टिरिओमेट्रिक अॅनालिसिस), स्वीडनच्या लुंड येथील योरान सेल्विक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली. शस्त्रक्रियेच्या वेळी टँटलम धातूचे साधारण १ मिमी किंवा लहान मणी घालतात आणि अंशांकित पिंजऱ्यासमोर दोन ट्यूबांनी एकाच क्षणी एक्स-रे घेतात. त्यात ०.१ मिमीपेक्षा बरीच लहान सरक कळते. नवे पॉलिइथिलीन दोन वर्षांत तपासायचे तर हीच पद्धत हवी. मात्र मणी आधीच घातलेले असावे लागतात.

प्रयोगशाळेत तराजूवर

नवी वाटी बाजारात येण्याआधी ती हिप सिम्युलेटरवर, म्हणजे चालण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, चालवतात. आयएसओ १४२४२ या मानकानुसार ३७ अंश सेल्सिअसला, पाण्याने पातळ केलेल्या वासराच्या सीरममध्ये, सेकंदाला एक आवर्तन, भार ३,००० न्यूटनपर्यंत, एकूण ५० लाख आवर्तने. दहा लाख आवर्तने म्हणजे ढोबळ मानाने एका वर्षाचे चालणे. सीरममधील प्रथिने बिघडतात आणि त्यांचा थर झिजेचे खोटे चित्र देतो, म्हणून दर ५ लाख आवर्तनांनी द्रव बदलतात. बाष्पीभवनाने गेलेले पाणी खनिजमुक्त पाण्याने भरून काढतात.

तोलण्याआधी अस्तर अल्ट्रासोनिक पात्रात पाणी आणि डिटर्जंटने धुतात, प्रोपेनॉलमध्ये बुडवतात आणि किमान अर्धा तास निर्वातात वाळवतात. प्रत्येक वेळी वेळांचा क्रम अगदी तोच हवा. तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत अचूक हवा.

सर्वांत मोठी चूक इथेही दडलेली असते: पॉलिइथिलीन द्रव शोषते आणि वजन वाढते. म्हणून शेजारी त्याच द्रवात, तेवढाच भार पण हालचाल नाही, असे नियंत्रण अस्तर ठेवतात. झिजलेल्या अस्तराचे वजन ८.४ मिलिग्रॅमने घटले आणि नियंत्रणाचे १.६ ने वाढले असेल तर खरी झीज १०.० मिलिग्रॅम. घनता ०.९३५ मिलिग्रॅम प्रति घनमिमी धरल्यास ती १०.७ घनमिमी होते. शोषण न धरता हिशोब केला असता तर कमी झिजणाऱ्या क्रॉस-लिंक्ड अस्तरात झीज चक्क उणी दिसू शकते.

काढलेले अस्तर

पुनःशस्त्रक्रियेत काढलेल्या अस्तराचे सुरुवातीचे वजन कुणालाच ठाऊक नसते, त्यामुळे तराजू इथे निरुपयोगी. ते कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनवर किंवा मायक्रो-सीटीमध्ये मोजतात: न झिजलेल्या भागावर गोल बसवायचा आणि झिजलेला पृष्ठभाग त्यापासून किती खोल आहे ते पाहायचे. हे जमण्यासाठी शल्यविशारदांनी अस्तर काढण्याआधी वरच्या टोकाशी खूण करावी, नाहीतर झिजेची दिशा कायमची हरवते. काढताना साधनांनी पडलेले ओरखडे नोंदवून ठेवावेत. आणि निर्जंतुकीकरणासाठी ते ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नये: पॉलिइथिलीन १३५ अंशांच्या आसपास वितळते, वाफेच्या उष्णतेत अस्तराचा आकार बदलतो आणि मग मोजायला जुनी वाटी उरतच नाही.